एका मिनिटाचा उशीर, पंधराव्या थांब्यावर

बराच वेळ थांब्यावर ताटकळावं आणि मग एकाच नंबरच्या दोन बस पाठोपाठ याव्यात. पहिली खच्चून भरलेली, पायरीवर पाय ठेवायला जागा नाही. दुसरीत निम्मी बाकं रिकामी. यावर थांब्यावर दोन ठरलेली मतं ऐकू येतात. ड्रायव्हर मंडळी कुठेतरी गप्पा हाणत थांबली होती, हे एक. आपलं नशीबच फुटकं, हे दुसरं. पहिल्यात ड्रायव्हरवर अन्याय आहे आणि दुसऱ्यात नशिबावर. सगळे ड्रायव्हर शिस्तीचे असले, सगळ्या गाड्या धडधाकट असल्या आणि रस्त्यावर कुठे कोंडी नसली, तरीही बसच्या जोड्या जमतात. त्यासाठी एखादा लांबलेला सिग्नल पुरतो. उरलेलं काम गणित करतं.

हे गणित गॉर्डन न्यूएल आणि रेनफ्री पॉट्स या दोघांनी १९६४ मध्ये मांडलं. (भौतिकशास्त्र शिकलेल्यांना पॉट्स हे नाव चुंबकत्वाच्या 'पॉट्स मॉडेल'मुळे माहीत असेल. तेच हे गृहस्थ.) शाळेतल्या गुणाकाराच्या पलीकडे त्यात फारसं काही नाही, म्हणून ते इथे सविस्तरच करू.

समजा, एका मार्गावर दर १० मिनिटांनी बस आहे. गर्दीची वेळ आहे. प्रत्येक थांब्यावर मिनिटाला २ माणसं येतात आणि एका माणसाला चढायला ३ सेकंद लागतात. म्हणजे दोन बसच्या मधल्या वेळात २० माणसं जमतात आणि बस प्रत्येक थांब्यावर मिनिटभर उभी राहते. हा मिनिट वेळापत्रकात धरलेलाच आहे, त्यामुळे सगळं सुरळीत चाललंय.

आता यातल्या एका बसचा सिग्नलवर एक मिनिट जास्त गेला. पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी १० नव्हे, ११ मिनिटांची माणसं उभी आहेत, म्हणजे २२. जास्तीच्या दोघांना चढवायला ६ सेकंद. थांबा सोडताना उशीर झाला ६६ सेकंद. त्यापुढच्या थांब्यावर या ६६ सेकंदांत आलेली माणसं जास्तीची, त्यांना चढवायला आणखी साडेसहा सेकंद. प्रत्येक थांब्यावर उशीर एक दशांशाने वाढतो, तोही चक्रवाढीने. सातव्या थांब्यापर्यंत तो जवळजवळ दुप्पट होतो.

मागच्या बसचं नेमकं उलट होतं. पुढची बस उशिरा गेल्यामुळे हिच्यासाठी माणसं कमी जमतात, ती लवकर सुटते आणि पुढच्या बसच्या आणखी जवळ जाते. जवळ गेली की माणसं आणखी कमी. म्हणजे पुढची रखडते आणि मागची पळते, आणि दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात. वरचे आकडे घेऊन कागदावर मांडत गेलात, तर पंधराव्या थांब्यावर पुढची बस सव्वाचार मिनिटांच्या आसपास उशिरा असते, मागची साडेपाच मिनिटांहून जास्त लवकर असते, आणि दोघींमध्ये जेमतेम ८ सेकंद उरतात. दहा मिनिटांच्या अंतराने सुटलेल्या या दोघी, आणि मध्ये चूक कोणाचीही नाही.

गोष्ट इथे संपत नाही, कारण या जोडीच्या मागेही बस आहेत. तिसरीसमोर आता मोठी पोकळी आहे, तिच्यासाठी माणसांचा ढीग जमतो आणि ती रखडते. म्हणून चौथी तिला गाठू लागते. त्याच पंधराव्या थांब्यावर लागोपाठच्या चार बसच्या आधीची अंतरं अशी येतात: १४.२ मिनिटं, ०.१ मिनिट, १९.३ मिनिटं, ५ मिनिटं. सुरुवातीला बिघडलं होतं ते एका बसचं एक मिनिट.

शास्त्राच्या भाषेत याला अस्थिर समतोल म्हणतात. बोटाच्या टोकावर काठी उभी धरावी तसा हा प्रकार. काठी सरळ उभी राहू शकते, नियमाने काही आड येत नाही. पण जराशी कलली की कलण्याचाच वेग वाढतो, आणि कोणीतरी सतत बोट हलवत राहिलं नाही तर ती पडते. वेळापत्रक छापून डेपोच्या भिंतीवर लावणं म्हणजे काठी सरळ उभी करून हात काढून घेणं.

प्रत्यक्षात बस आपल्या उदाहरणाहून वाईट वागते. भरलेल्या बसमध्ये चढणारा माणूस ३ सेकंदांत चढत नाही. आतला एकजण उतरायला दारापर्यंत पोचतो, त्याच्यासाठी दारातले दोघे खाली उतरतात, तो उतरतो, ते परत चढतात, कंडक्टर 'पुढे सरका' ओरडतो, दार अडकतं. गर्दी वाढली की प्रत्येक माणसामागचा वेळ वाढतो, म्हणजे व्याजाचा दरच वाढतो. आणि बस पूर्ण भरल्यावर थांब्यावर न थांबताच पुढे गेली, तर तिचा उशीर कमी होतो खरा, पण मागे राहिलेल्यांची वाट वाढते.

आता गर्दीकडे येऊ. बसमध्ये गर्दी होते कारण बस कमी आहेत, असं आपण धरून चालतो. बरेचदा ते खरंही असतं. पण वरच्या चार बस पुन्हा पाहा. मिनिटाला २ माणसं या दराने पंधराव्या थांब्यावर त्यांच्यासाठी अनुक्रमे २८, ०, ३९ आणि १० माणसं उभी असतात. एकूण ७७, म्हणजे बसमागे सरासरी १९. कार्यालयातला साहेब हा आकडा पाहून सांगेल की वीस माणसांसाठी सोडलेल्या बसला एकोणीसच मिळतात, तक्रार कसली? पण ७७ पैकी ६७ माणसं पहिल्या आणि तिसऱ्या बसच्या वाट्याला आली आहेत. प्रत्येक माणसाला विचारलं की 'तुझ्या बसला या थांब्यावर किती जण होते?', तर उत्तरांची सरासरी येते ३१. साहेबाचे १९ आणि प्रवाशाचे ३१, दोन्ही आकडे खरे आहेत. साहेब बस मोजतो. प्रवासी माणसं मोजतो, आणि माणसं गर्दीच्या बसमध्येच जास्त असतात. रिकाम्या बसची साक्ष द्यायला त्या बसमध्ये कोणी नसतं.

वाट पाहण्याचंही असंच आहे. याच चार बस सारख्या अंतराने आल्या असत्या, तर सरासरी वाट पाच मिनिटांपेक्षाही कमी झाली असती. आता ती पावणेआठ मिनिटं होते, कारण थांब्यावर केव्हाही आलेला माणूस मोठ्या पोकळीत सापडण्याची शक्यता मोठी असते. पोकळी मोठी, म्हणूनच. याचं सूत्रही आहे. बसमधल्या अंतरांच्या प्रमाण विचलनाला (अंतरं सरासरीपासून किती विखुरलेली आहेत, त्याच्या मापाला) सरासरी अंतराने भागा, उत्तराचा वर्ग करा, त्यात १ मिळवा आणि निम्म्या सरासरी अंतराला त्याने गुणा. सरासरी अंतर १० मिनिटं धरा. बस अगदी नियमित असतील तर वर्ग शून्य येतो आणि वाट ५ मिनिटं. बस पूर्णपणे यदृच्छेने येत असतील, तर वर्ग १ येतो आणि वाट १० मिनिटं. बसची संख्या तीच, डिझेल तेवढंच, आणि वाट दुप्पट. 'मी आलो की नेमका मोठा खोळंबा' हा अनुभव खरा आहे. त्यासाठी पत्रिका घेऊन कोणाकडे जायची गरज नाही. सूत्र सगळ्या राशींना सारखंच लागू पडतं.

इथे एक आडवळण घेतल्याशिवाय राहवत नाही. मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका शहरात पूर्वी बस चालकांच्या स्वतःच्या असत आणि कमाई प्रवाशांवर अवलंबून असे. पुढची बस नुकतीच गेली असेल तर थोडं रेंगाळायचं, जाऊन वेळ झाला असेल तर दामटायचं, हे त्यांचं साधं गणित. आधीची बस केव्हा गेली हे कळावं म्हणून वाटेत माणसं वेळा टिपून ठेवत आणि चालक त्यांच्याकडून ती माहिती पैसे देऊन घेत. मिलान क्रबालेक आणि पेट्र शेबा या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी तिथल्या बसमधली अंतरं तपासून २००० मध्ये दाखवलं, की त्यांची विभागणी यादृच्छिक सारणींच्या (कसेही आकडे भरलेल्या चौकोनी तक्त्यांच्या) आयगेन मूल्यांमधल्या, म्हणजे त्या तक्त्यांमधून गणिताने निघणाऱ्या खास आकड्यांमधल्या, अंतरांसारखी आहे. यूजीन विग्नरने १९५० च्या दशकात जड अणुकेंद्रांच्या ऊर्जापातळ्या समजून घ्यायला याच सारणींचं गणित वापरलं होतं. तिथे दोन पातळ्या एकमेकींच्या अगदी जवळ सहसा येत नाहीत. इथे दोन बस येत नाहीत, कारण जवळ येणं चालकाच्या खिशाला परवडत नाही. बोट हलवणारा कोणीतरी होता, म्हणून काठी उभी राहिली.

मग उपाय? जास्त बस सोडा, हा पहिला. वाट आणि गर्दी त्याने नक्की कमी होते, पण जोड्या थांबत नाहीत. उशीर वाढण्याचा दर ठरतो तो 'मिनिटाला येणारी माणसं गुणिले एकाला चढायला लागणारा वेळ' यावर. त्यात दोन बसमधलं अंतर कुठेच नाही. दर ५ मिनिटांनी बस सोडली तर भरून काढायचं अंतरच निम्मं, म्हणून जोडी पंधराव्याऐवजी दहाव्याच थांब्यावर जमते.

चढायचा वेळ निम्मा केला तर मात्र फरक पडतो: जोडी जमायला तिसाव्या थांब्यापर्यंत जावं लागतं, आणि तोवर बहुतेक मार्ग संपलेला असतो. तिकीट आधी काढून सगळ्या दारांनी चढू देणं हा त्याचा सरळ मार्ग. सॅन फ्रान्सिस्कोने जुलै २०१२ पासून आपल्या सगळ्या मार्गांवर हे सुरू केलं. मोबाइलवर बस कुठे आहे ते दाखवणाऱ्या ॲपचं कौतुक मला यापुढे फिकं वाटतं. कृत्रिम बुद्धिमत्तेने अचूक अंदाज दिला, तरी १९ मिनिटांची पोकळी १९ मिनिटांचीच राहते. ती आधी कळते, इतकंच.

मोजायचं काय, हेही ठरवावं लागतं. 'वेळेच्या ५ मिनिटं अलीकडे-पलीकडे म्हणजे वेळेवर' असा नियम असेल, तर ५ मिनिटं उशिरा आलेली बस आणि ५ मिनिटं लवकर आलेली तिच्या मागची बस एकत्र येतात आणि दोघीही वेळेवर ठरतात. म्हणून लंडनमध्ये वारंवार धावणाऱ्या मार्गांवर बस नव्हे, प्रवाशाला पाहावी लागलेली जादा वाट मोजतात.

आणि बोट हलवण्याची पद्धत? मधल्या ठरावीक थांब्यांवर लवकर आलेली बस वेळ होईपर्यंत थांबवणं ही जुनी. ती चालते, पण आत बसलेल्यांचा वेळ जातो. जॉन बार्थोल्डी आणि डोनाल्ड आयझेनस्टाइन यांनी २०१२ मध्ये वेळापत्रकच काढून टाकलं. त्यांचा नियम एवढाच: ठरावीक थांब्यावर आलेल्या बसने, मागची बस किती मिनिटांवर आहे ते पाहून, त्याच्या एका ठरावीक हिश्शाइतकं थांबायचं. मागची लांब असेल तर जास्त, जवळ असेल तर कमी. अंतर किती हवं हे कोणी सांगत नाही, ते आपोआप सारखं होत जातं. अटलांटातल्या एका विद्यापीठाच्या बस मार्गावर त्यांनी हे चालवून पाहिलं.

थांब्यावरच्या माणसाच्या हातातही थोडं आहे. मोठ्या खंडानंतर खच्चून भरलेली बस आली, तर तिच्या मागे दुसरी जवळच असण्याची शक्यता चांगली असते. लोंबकळण्याऐवजी तिला जाऊ दिलं, तर बसायला जागा मिळते आणि रखडलेल्या बसचे तीन सेकंदही वाचतात. अर्थात हे दर दहा-पंधरा मिनिटांनी धावणाऱ्या मार्गांपुरतं. तासाला एक बस असलेल्या मार्गावर जोड्या सहसा जमत नाहीत; तिथे मिळेल ती बस पकडावी.