आतड्याचा क्षय की क्रोन्स: 'बरे वाटले' हा पुरावा नव्हे

पोटदुखी, घटते वजन आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात दिसलेले व्रण एवढ्यावर आपल्याकडे सर्रास एकेटी, म्हणजे क्षयावरील औषधे, सुरू होते. क्षय वाचकांच्या परिचयाचा आहे: जंतुसंसर्ग, साधारण सहा महिन्यांची औषधे आणि नेमाने घेतल्यास बरा होणारा आजार. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेला क्रोन्स हा मात्र प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून उद्भवणारा दीर्घकालीन दाह असून तो आटोक्यात राहतो, समूळ जात नाही. लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावर दोघांचाही डोळा असतो.

व्रण क्षयात बहुधा आडवे, क्रोन्समध्ये उभे. पोटात पाणी झाल्यास संशय क्षयावर, भगंदर असल्यास क्रोन्सवर. मॅन्टू या क्षयसंसर्गाच्या त्वचा-चाचणीवरून निकाल देणाऱ्यांपुढे तर हात टेकावेत, कारण सुप्त संसर्ग आपल्या देशात निरोगी माणसांतही मुबलक आहे. क्षयजंतूंचा जनुकीय अंश शोधणारी जीन एक्सपर्ट चाचणी पॉझिटिव्ह आली तर प्रश्न बहुतेक मिटतो. पण तपासणीसाठी काढलेल्या आतड्याच्या तुकड्यात जंतू थोडेच असल्याने ती निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाही, असे म्हणता येत नाही.

खरी फसगत पुढे होते. निदान अनिश्चित असताना एकेटी देऊन पाहणे रास्तच आहे, कारण क्षय लपलेला असताना स्टेरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅब ही क्रोन्सवरची, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिल्यास तो शरीरभर पसरू शकतो. परंतु महिनाभरात भूक सुधारली, दुखणे कमी झाले, की 'औषध लागू पडले, म्हणजे टीबीच' असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो चुकीचा आहे. क्रोन्सचा दाह मुळातच चढत-उतरत असतो, त्यामुळे त्याच्या अनेक रुग्णांनाही एकेटीवर काही काळ बरे वाटते. विचारायचा प्रश्न एकच: व्रण भरले का? त्यासाठी साधारण दोन महिन्यांनी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीतून आतड्याची तपासणी) पुन्हा करावी लागते, आणि रुग्णाला बरे वाटते म्हणून नेमकी तीच टाळली जाते. क्षयाचे व्रण तोवर बहुधा भरलेले असतात; तसेच राहिले, तर औषधांना दाद न देणारा क्षय वगळून क्रोन्सचा विचार करायला हवा. तो विचार लांबला, तर दाह आतडे अरुंद करत राहतो आणि यकृतावर औषधांचा भार विनाकारण पडतो.

एक अपवाद ध्यानात असावा. क्षयाचा व्रण भरतानाही वण आकसून आतडे अरुंद राहू शकते आणि जेवणानंतर कळ येत राहते. तेवढ्यावरून एकेटी फसली असे समजू नये. तिथे अरुंद भाग फुग्याने रुंदावण्याचा किंवा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.