प्रबंधाचा साचा, आधी छापलेला लेख आणि चौदा शब्द

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजांत आज जो पीएचडीचा प्रबंध बांधून तयार होतो, त्याची अनुक्रमणिका न उघडताही सांगता येते. प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, संशोधन पद्धती, मग विषयाची दोन-तीन प्रकरणे, निष्कर्ष व शिफारशी, संदर्भसूची, परिशिष्टे. विषय हापूसच्या निर्यातीचा असो की दशावताराचा, क्रम तोच. हा क्रम कोणा एका नियमाने घालून दिलेला नाही. तो थराथराने साचत गेला आणि त्यातला सर्वांत जाड थर २००९ नंतरचा आहे.

त्याआधीचे लवकर उरकते. मुंबईचे विद्यापीठ १८५७ सालचे, पण पहिली काही दशके त्याचे काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच. विद्यापीठांनी स्वतः शिकवावे, संशोधन करावे ही वाट १९०४ च्या कायद्याने मोकळी केली. अर्थशास्त्र-समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली निघाला. पीएचडी मूळची जर्मन वळणाची पदवी, ऑक्सफर्डनेही तिचा अवतार १९१७ साली स्वीकारला. रत्नागिरीला कॉलेज १९४५ साली आले. पणजीचे पदव्युत्तर केंद्र मुंबईच्याच विद्यापीठाचे होते, गोव्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९८५ साली. वेंगुर्ला-मालवणच्या संशोधकाचा गाईड, ग्रंथालय आणि परीक्षक यांतले काहीही तेव्हा घराजवळ नव्हते. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली तीसुद्धा १९९८ साली. प्रकरण लिहायचे, एसटीत बसायचे, गाईडला दाखवायचे आणि लाल शाईने रंगलेले घेऊन परत यायचे, असा तो काळ.

त्या काळाने एक गोष्ट मात्र आजपर्यंत मागे ठेवली आहे. प्रबंध टाइपरायटरवर, कार्बन घालून निघायचे. पानाच्या तळाशी टीपा द्यायच्या तर किती ओळी राखायच्या याचा आधी हिशोब करावा लागे आणि एक टीप वाढली की सगळे पान पुन्हा. त्यापेक्षा टीपा प्रकरणाच्या शेवटी ढकललेल्या बऱ्या. आज संगणकावर तळटीप एका बटणात बसते, तरी मराठीतल्या बहुतेक प्रबंधांत ‘संदर्भ व टीपा’ प्रकरणाअखेरीच असतात. वाचणाऱ्याला एक बोट पानात आणि एक बोट मागे ठेवूनच वाचावे लागते. डाव्या बाजूचा दीड इंचाचा समासही असाच, बाइंडिंगच्या दोऱ्यासाठी सोडलेला. आता परीक्षकाकडे पीडीएफ जाते, समास आहे तिथेच आहे.

दुसरा थर विज्ञानाकडून आला. प्रस्तावना, साहित्य व पद्धती, निष्पत्ती, चर्चा ही चार खणी मांडणी विज्ञाननियतकालिकांनी विसाव्या शतकात रुळवली. अमेरिकेत १९७२ साली ती शास्त्रीय लेखाचे प्रमाणरूप म्हणून नोंदली गेली. योगायोगाने दापोलीचे कृषी विद्यापीठही त्याच वर्षीचे. तिथल्या प्रबंधांना ही मांडणी अंगच्या कपड्यासारखी बसते. काजूच्या कलमांवर प्रयोग केला, इतकी झाडे, इतक्या मात्रा, इतके उत्पन्न, आधीच्यांना काय मिळाले होते, आपल्याला का वेगळे मिळाले. प्रश्न, कृती आणि फळ यांचा क्रम तिथे खराच तसा असतो.

अडचण इतरांची. खोती पद्धतीवरचा, म्हणजे कोकणात खोताकरवी सारा गोळा करण्याच्या जुन्या पद्धतीवरचा, प्रबंध घ्या. १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा, त्याआधीचे दप्तर, पाहणीखात्याची कागदपत्रे, कुळांचे दावे, गावागावचे वेगवेगळे रिवाज. इथे कागद शोधणे, तो खरा की बनावट हे ठरवणे आणि त्यातून अर्थ काढणे ही एकच सलग क्रिया आहे. ‘संशोधन पद्धती’ हे तिसरे प्रकरण म्हणून कापून वेगळे काढले तर त्यात घालायचे काय? मग त्यात येतात संशोधनाच्या व्याख्या. हा कोश काय म्हणतो, तो विद्वान काय म्हणतो, संशोधनाचे प्रकार किती, प्राथमिक साधने कशाला म्हणतात, दुय्यम कशाला. वीस-पंचवीस पाने. मी वाचलेल्या प्रबंधांत ही पाने सर्वांत कंटाळवाणी असतात आणि, पुढे दिसेल, सर्वांत धोक्याचीही.

ही पाने एवढी का फुगली याचा उगम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या देशपातळीवरच्या नियमावलीत सापडतो. तिने प्रवेश परीक्षा आणली, निदान एका सत्राचे कोर्सवर्क, म्हणजे वर्गातला अभ्यासक्रम, आणले आणि त्यात संशोधन पद्धतीचा विषय सक्तीचा केला. संख्यात्मक पद्धती व संगणकाचा वापर त्यात असावा, प्रकाशित संशोधनाचा आढावाही असावा, असे सुचवले. हेतू चांगला होता. पण कोर्सवर्कच्या वहीत जे उतरवले ते प्रबंधात उतरले. पूर्वसंशोधनाचा आढावा आणि संशोधन पद्धती ही दोन प्रकरणे आधीही अनेक प्रबंधांत होती. ती सगळ्या विद्याशाखांना एकसारखी लागू झाली ती यानंतर, असे माझे वाचन सांगते.

याच नियमावलीत एक कलम होते आणि सगळा गुंता तिथे आहे. प्रबंध सादर करण्याआधी उमेदवाराने संदर्भित, म्हणजे जाणकारांनी तपासून लेख घेणाऱ्या नियतकालिकात निदान एक शोधलेख छापलेला असला पाहिजे आणि त्याचा पुरावा प्रबंधासोबत जोडला पाहिजे. २०१६ च्या नियमावलीने हे कायम ठेवले, वर परिषदांतून दोन निबंधवाचनांची भर घातली. त्याच वर्षी प्राध्यापकभरतीच्या नियमांत दुरुस्ती झाली. २००९ पूर्वी नोंदणी केलेल्यांना नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांतून सूट हवी असेल तर प्रबंधाच्या कामातून दोन लेख छापलेले, दोन निबंध वाचलेले, दोन बाहेरचे परीक्षक, खुली मौखिकी, एवढ्यांचा दाखला आणा. लेख आता ज्ञानाचा भाग राहिला नाही, नोकरीच्या फाइलीतला कागद झाला.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात फार नवे वाटले नाही. मराठीत, इतिहासात, लोकसाहित्यात काम करणाऱ्याला मात्र प्रश्न पडला की छापायचे कुठे. मराठीत संशोधनपर लेखन छापणारी जुनी, मानाची नियतकालिके होती. त्यांचे संपादक लेख बारकाईने तपासत, परत पाठवत, दुरुस्त्या मागत. पण नियमाला हवी होती ती औपचारिक रचना. परीक्षकांची समिती, आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळख क्रमांक, यादीत नाव. जे संपादक हे काम वर्षानुवर्षे मुकाट करत होते, त्यांच्याकडे तसा कागद नव्हता, आणि ज्यांच्याकडे कागद होता त्यांतले पुष्कळजण पैसे घेऊन आठवडाभरात छापून देत होते.

यातून ‘विशेषांक’ नावाचा प्रकार फोफावला. कॉलेजात फेब्रुवारी-मार्चमध्ये, आर्थिक वर्ष संपायच्या आत, एक दिवसाचे राष्ट्रीय चर्चासत्र. नोंदणी शुल्कातच लेख छापण्याचे पैसे. कोणत्यातरी दूरच्या शहरातल्या नियतकालिकाचा क्रमांक वापरून जाडजूड अंक, त्यात शे-सव्वाशे लेख, प्रत्येकी चार पानांचे. सकाळी उद्‌घाटन, दुपारी जेवण, मग समांतर सत्रांत प्रत्येकाला पाच मिनिटे आणि संध्याकाळी प्रमाणपत्र. निबंधवाचनाची अटही त्यातच भागे. २०१७ च्या सुरुवातीला केंद्रीय पातळीवर मान्य नियतकालिकांची यादी निघाली. मे २०१८ मध्ये त्याच यादीतून ४,३०५ नावे एका फटक्यात काढली गेली. लेख छापून आला तेव्हा नियतकालिक यादीत होते आणि प्रबंध द्यायच्या वेळी नव्हते, अशा मुलांची घालमेल तेव्हा जवळून पाहता आली. पुढे नवी, अधिक कडक यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली.

प्रबंधाच्या रचनेवर याचा परिणाम दोन प्रकारे झाला. एक, प्रकरणे सुटी झाली. लेखासाठी चार पाने काढायची तर सर्वांत सोपे दुसरे प्रकरण, म्हणून आढावा आधी लेख म्हणून गेला. मग विषयाचे एखादे प्रकरण असेच कापून दिले. परत प्रबंधात शिवताना प्रत्येक तुकड्याला स्वतःची प्रस्तावना आणि स्वतःचा निष्कर्ष राहून गेला. दशावतारावरच्या प्रबंधात पूर्वरंग कशाला म्हणतात हे तीन वेळा समजावलेले दिसले, तर समजावे की ती तीन लेखांची मोट आहे.

दुसरा परिणाम जास्त विचित्र. जुलै २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यविरोधी नियम आले. आधीच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्या. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येणार नाही. ६० च्या वर गेल्यास नोंदणीच रद्द. योग्य श्रेय देऊन उद्‌धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, मनोगत, ऋणनिर्देश, कायद्याचा मजकूर, प्रमाण समीकरणे यांना मोजणीतून वगळले. सर्वज्ञात मजकूर किंवा योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्यही वगळले.

आता दोन्ही नियम शेजारी ठेवा. एक सांगतो, आधी लेख छाप. दुसरा सांगतो, छापलेल्याशी साम्य नको. उमेदवाराने पहिला नियम पाळला की साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा स्वतःचाच लेख लाल रंगात झळकू लागला. वाट निघाली, ती दाखल्यांची. हे साम्य उमेदवाराच्या स्वतःच्या लेखाशी आहे असे गाईडने लिहून द्यायचे आणि तो स्रोत वगळून अहवाल पुन्हा काढायचा. पण पुष्कळांनी सोपी वाट धरली. आपलेच वाक्य फिरवून लिहिले. ‘खोताला सारावसुलीचा अधिकार होता’ या सरळ वाक्याचे ‘सारा वसूल करण्याविषयीचा अधिकार खोत या घटकाकडे असलेला आढळतो’ असे झाले. मराठी प्रबंधांची भाषा बोजड असते अशी तक्रार नेहमीच होती. या दशकातला बोजडपणा मात्र टक्केवारी उतरवण्यासाठी मुद्दाम आणलेला आहे. आणि ती संशोधनाच्या व्याख्यांची वीस-पंचवीस पाने? तीच वाक्ये शेकडो प्रबंधांत असल्यामुळे सर्वांत जास्त लाल तिथेच. काहींनी घाबरून प्रकरणच छोटे केले, एवढा एक फायदा धरावा.

मराठीपुरते आणखी एक. साम्य मोजायचे तर तुलनेला जुना मजकूर हवा. प्रबंधांची सार्वजनिक साठवण, शोधगंगा, इंटरनेटवर आली आणि २००९ च्या नियमानुसार तिथे प्रती जाऊ लागल्या. पण त्या काळातले बरेचसे मराठी प्रबंध डीटीपीच्या दुकानात, युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेले. पडद्यावर देवनागरी दिसते, कॉपी करून चिकटवले की रोमन अक्षरांचा चिवडा. काही तर स्कॅन केलेली चित्रेच. शोधयंत्राला ते वाचता येत नाहीत आणि साम्य शोधणाऱ्या यंत्रालाही नाही. त्यामुळे जुन्या प्रबंधातून पानेच्या पाने उचलणारा निर्धास्त सुटे आणि स्वतःचा युनिकोडमधला लेख वापरणारा अडके. टक्केवारीवर बोलणारे या गोष्टीवर फारसे बोलत नाहीत.

नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीने लेखाची सक्ती काढली. पीएचडीआधीची एमफिल ही पदवी बंद झाली, कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे झाले, मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे, फेरनोंदणीने आणखी दोन. दर सत्राला सल्लागार समितीपुढे सादरीकरण. सक्ती काढल्यावर दर्जा घसरेल अशी ओरड झाली. सक्ती असताना जे छापले गेले ते पाहिलेल्या माणसाला ही ओरड पटणे कठीण आहे. विज्ञानशाखांचे म्हणणे वेगळे आहे आणि त्यांच्यापुरते खरेही आहे, बाहेरच्या जाणकाराने काम आधी तपासले की परीक्षक निवांत असतो. नवा नियम लेख छापायला मना करत नाही आणि बऱ्याच गाईडना लेख अजून लागतोच.

जुन्या नोंदणीचे उमेदवार जुन्याच नियमांनी जातात. त्यामुळे कोकणातल्या एकाच संशोधन केंद्रावर, एकाच गाईडकडे, २०१९ ची नोंदणी असलेली शिक्षिका विशेषांकातला लेख आणि दोन प्रमाणपत्रे परिशिष्टात लावते आहे, आणि २०२३ ला आलेला मुलगा त्या परिशिष्टाशिवाय प्रबंध देणार आहे. अनुक्रमणिका मात्र त्याने तिच्याकडूनच नमुना म्हणून घेतली आहे.