सुईवरची अक्षरं : जुना एसयू कार्बोरेटर ओळखताना

जुन्या एमजीचं किंवा मॉरिस मायनरचं, म्हणजे जुन्या ब्रिटिश गाडीचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या कडेला अॅल्युमिनियमचा एक छोटा घुमट दिसतो. तो एसयू कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. लांबून सगळे एसयू सारखेच दिसतात आणि घोळ तिथेच होतो. पन्नास-साठ वर्षांत एका गाडीचा कार्बोरेटर दुसरीवर चढलेला असतो. मग 'नवं किट टाकलं, तरी गाडी पिकअप घेत नाही' ही तक्रार ठरलेली. किटमध्ये येतात पॅकिंग, वॉशर आणि असल्याच बारीकसारीक वस्तू. कार्बोरेटर मुळात कोणत्या इंजिनासाठी बनला होता, हे आपणच शोधायचं असतं.

एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. इंग्लंडमधल्या स्किनर घराण्याचा धंदा बुटांचा, त्यामुळे त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये चामड्याचा भाता होता, याचं नवल वाटायला नको! पुढे भात्याच्या जागी घुमटात वर-खाली सरकणारा धातूचा पिस्टन आला. 1926 मध्ये मॉरिस गाड्यांचे निर्माते विल्यम मॉरिस यांनी कंपनीच विकत घेतली.

साध्या कार्बोरेटरमध्ये हवेची वाट एका जागी कायमची अरुंद केलेली असते. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या नळीतून, पेट्रोल वर ओढलं जातं. पण इंजिन सावकाश फिरत असताना ही ओढ फार कमी पडते, म्हणून आयडलिंगसाठी (गाडी उभी असताना इंजिन सावकाश चालू राहण्यासाठी) वेगळा जेट, पिकअपसाठी वेगळा पंप अशी जोडकामं करावी लागतात. एसयूमध्ये जेट एकच, वाटच लहान-मोठी होते. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाकडची ओढ पिस्टनमधल्या भोकांतून घुमटात पोचते आणि पिस्टन वर उचलला जातो. जास्त हवेला मोठी वाट मिळते, त्यामुळे जेटवरून जाणाऱ्या हवेचा वेग जवळपास तेवढाच राहतो. पिस्टनच्या तळाला टोकाकडे निमुळती होत जाणारी सुई असते. ती जेटमधून जसजशी वर येते, तसतशी तिच्याभोवतीची फट रुंदावते आणि पेट्रोल वाढतं. म्हणजे कोणत्या वेगाला किती पेट्रोल द्यायचं, हा सगळा हिशेब त्या सुईच्या उतारात घडवलेला असतो.

ओळख पटवायची तर घुमटाच्या एखाद्या स्क्रूखाली पातळ पत्र्याची पट्टी शोधावी. तिच्यावरच्या क्रमांकावरून थेट गाडीचं मॉडेल कळतं. बहुतेक वेळा ती कधीच हरवलेली असते. बॉडीवरच्या उठावाच्या आकड्यांवर मात्र विसंबू नये, तो ओतकामाचा क्रमांक असतो. माप, म्हणजे हवेच्या वाटेचा व्यास, ठरवणं सोपं आहे : एसयूच्या एच आणि एचएस मालिकांत नावातला आकडा म्हणजे एक इंचावर किती अष्टमांश. एचएस2 म्हणजे सव्वा इंच, एचएस4 म्हणजे दीड. फ्लोटच्या डब्यातून (यात पेट्रोल साठतं) जेटकडे नायलॉनची बारीक नळी जात असेल तर तो एचएस. शेवटी पिस्टनच्या बाजूचा स्क्रू सैल करून सुई अलगद ओढून काढायची आणि तिच्या दांड्यावर कोरलेली अक्षरं भिंगातून वाचायची; सुई कोणती ते त्यांवरूनच कळतं. दोन सुयांमध्ये इंचाच्या एक-दोन हजारांशांचा फरक असतो, नुसत्या डोळ्यांना काहीच कळत नाही.

दुरुस्तीत बहुतेकांचं लक्ष घुमट चकचकीत करण्याकडे. तो बाहेरून हवा तेवढा घासा, पण आतून आणि पिस्टनला पॉलिश पेपर लावाल तर कार्बोरेटर संपला. दोघांमधली फट कारखान्यात जोडीने जुळवलेली असते. ती शाबूत आहे का, हे तपासता येतं : स्प्रिंग काढा, पिस्टनची भोकं बंद करा, वरची टोपी घट्ट बसवा, जोडी उलटी धरा आणि घुमट आपल्या वजनाने खाली सरकू द्या. सव्वा इंची कार्बोरेटरला 3 ते 5 सेकंद लागायला हवेत, मोठ्यांना 5 ते 7. झटकन पडला तर जोडी झिजलेली आहे.

खरा चोर बहुधा थ्रॉटलचा स्पिंडल, म्हणजे अॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा दांडा असतो. त्याची भोकं लंबगोल झाली की बाजूने हवा शिरते आणि मग आयडलिंग कधीच स्थिर राहत नाही, कितीही स्क्रू फिरवा. लेथवर नवे बुश (भोकात बसणाऱ्या धातूच्या कड्या) बसवून घेणं हाच उपाय. सुई बसवताना तिचा खांदा पिस्टनच्या तळाशी सपाट यावा आणि पिस्टन सोडल्यावर 'टक्' असा स्वच्छ आवाज यावा. आवाज बोदा आला तर सुई जेटला घासते आहे, जेट पुन्हा मध्यावर आणा.

आपल्याकडे आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याचाही विचार हवा. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त 9. म्हणून जुन्या सुईवर मिश्रण थोडं लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. इंजिन गरम झाल्यावर पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलून पाहावा. इंजिन क्षणभर चढून पूर्ववत झालं तर मिश्रण बरोबर, चढलेलंच राहिलं तर रिच (पेट्रोल जास्त), बसायला लागलं तर लीन. लीन निघालं तर जेटचं नट थोडं खाली घ्यावं, आणि रस्त्यावर वरच्या वेगाला तरीही ताकद कमी वाटली तर एक पायरी रिच सुई मागवावी.