आयएसओ १०० चा आग्रह

पक्ष्यांचे फोटो काढू लागलेल्यांकडे हा सल्ला कधी ना कधी फिरत येतोच: आयएसओ (फोटो किती उजळ करायचा हे ठरवणारी कॅमेऱ्यातली सेटिंग) वाढवला की फोटोत दाणे येतात, तेव्हा तो १०० वरच ठेवा.

सल्ल्याला अनुभवाचा आधार आहे. आयएसओ ३२०० वरचे फोटो खरंच दाणेदार दिसतात. पण आपण आयएसओ वाढवतो कधी? उजेड कमी असतो तेव्हा. दाणे मुख्यतः त्या अपुऱ्या उजेडाचे असतात. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागावर, किती प्रकाश पडणार हे समोरचा उजेड, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं आहे ते) आणि शटरचा वेग (प्रकाश किती वेळ आत येतो ते) ठरवतात. आयएसओ फक्त मिळालेलं चित्र उजळ करतो.

पडताळणी घरीच होते. मंद उजेडात एखादी स्थिर वस्तू ठेवा. मॅन्युअल मोडमध्ये (यात अ‍ॅपर्चर आणि शटर आपणच ठरवतो) अ‍ॅपर्चर एफ/५.६ आणि शटर १/५०० सेकंद कायम ठेवून रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) दोन फोटो घ्या, एक आयएसओ ३२०० वर, दुसरा १०० वर. दुसरा जवळजवळ काळा येईल. तो संगणकावर ५ स्टॉप (दर स्टॉपला उजळपणा दुप्पट) उजळवा आणि दोन्हींचे सावलीतले भाग शेजारी ठेवून पाहा. दाणे त्यातही निघतात, काही कॅमेऱ्यांत तर जास्तच.

उलट १०० च्या हट्टापायी, पुरेसा प्रकाश मिळावा म्हणून शटर १/६० सेकंदावर आला, तर फांदीवरचा पक्षी नुसती मान वळवतानाही पुसट होतो. उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपास वेग लागतो. दाणे नंतर बरेच कमी करता येतात. हललेला फोटो सावरणं फार कठीण.

बगळा उन्हात असेल तर मात्र आयएसओ खाली आणा, नाहीतर पिसांचा तपशील पांढऱ्यात हरवतो. एरवी मॅन्युअलमध्ये ऑटो आयएसओ (उजेड पाहून कॅमेराच आयएसओ निवडतो) लावून वेग आपल्या हाती ठेवणं मला सोयीचं वाटतं.