मामांचा आय७ आणि भाच्याचा आय३

एका ओळखीच्या घरी मध्यंतरी मजेशीर वाद ऐकला. मामांकडे आठ-नऊ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आहे, त्यावरचा 'आय७' हा स्टिकर अजून शाबूत. भाच्याने सुटे भाग आणून घरीच डेस्कटॉप जुळवला, त्यात 'आय३'. "सात सोडून तीन घेतलास होय रे?" मामांनी विचारलं. भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या सातात दोनच आहेत."

भाच्याचं बरोबर होतं. मामांचा प्रोसेसर (संगणकाची मुख्य चिप) म्हणजे इंटेलचा कोर आय७-७५००यू, ऑगस्ट २०१६ मध्ये आलेला. त्यात कोर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, दोनच. भाच्याचा आय३-१२१०० जानेवारी २०२२ चा, त्यात चार. नावातला ७ किंवा ३ हा कोरांचा आकडा नव्हे. त्या-त्या वर्षीच्या, त्या-त्या मालिकेतली ती पायरी असते. वर्गात पहिला आलेला मुलगा कुठल्या वर्गातला, हे विचारल्याशिवाय त्या 'पहिल्या'ला अर्थ नाही, तसंच हे. मामांच्या चिपच्याच पिढीत आय७-७७००के नावाचा डेस्कटॉप प्रोसेसरही होता. चार कोर, ४.२ गिगाहर्ट्झ (सेकंदाला ४२० कोटी ठोके) मूळ वेग आणि ९१ वॅट. तोही आय७ आणि मामांचा पण आय७!

मामांच्या चिपच्या नावात खरी माहिती सांगणारं अक्षर आहे ते शेवटचं 'यू'. ते असलं की समजायचं, ही बारीक लॅपटॉपांसाठी बनलेली, कमी वीज खाणारी चिप आहे. तिच्या उष्णतेचं ठरीव माप १५ वॅट, भाच्याच्या चिपचं ६० वॅट, आणि जोर लावला तर ८९ पर्यंत. चिप जेवढी वीज खाते, तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती डेस्कटॉपात मोठा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) आणि मोठा पंखा सहज काढून टाकतात. बोटभर जाडीच्या लॅपटॉपात एक चपटी तांब्याची नळी आणि बिस्किटाएवढा पंखा, दोघांच्या जिवावर ते काम चालतं.

वेग आणि वीज यांचा हिशेब मात्र सरळ नाही. चिपला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढतेच, पण व्होल्टेजच्या वर्गाच्याही पटीत वाढते. वेग वाढवायचा तर साधारणपणे व्होल्टेजही वाढवावं लागतं. दोन्ही मिळून वीज जवळपास वेगाच्या घनाच्या पटीत चढते. उलट बाजूने पाहा: वेग २० टक्के कमी केला तर वीज जवळजवळ निम्म्यावर येते. लॅपटॉप-चिप बनवणारे याच उतारावर बसून धंदा करतात. थोडा वेग सोडायचा आणि भरपूर वीज वाचवायची.

म्हणून मामांच्या चिपच्या कागदावर दोन वेग दिसतात, २.७ आणि ३.५ गिगाहर्ट्झ. ३.५ हा सुटलेल्या एसटीमागे धावतानाचा वेग, २.७ हा वारीत चालतानाचा. वेब पान उघडताना क्षणभर जोर लागतो, तिथे ३.५ मिळतो आणि लॅपटॉप चपळ वाटतो. अर्ध्या तासाचा व्हिडिओ रूपांतरित करायला घेतला की काही वेळातच चिप तापते आणि पावलं आवरती घेते. चैत्र-वैशाखात तर लवकरच. भाच्याच्या चिपचे आकडे ३.३ आणि ४.३. तिला श्वास घ्यायला जागा असल्यामुळे ती वरच्या आकड्याजवळ बराच वेळ टिकते.

आता ३.५ आणि ४.३ यांत फरक सुमारे पाव पटीचा. तरीही एकाच कोराचं काम मोजलं तर भाच्याची चिप ढोबळमानाने दुप्पट भरते. उरलेला फरक कुठून आला? गिगाहर्ट्झ फक्त ठोके मोजतं, एका ठोक्यात काम किती झालं हे सांगत नाही. मामांच्या चिपचा कोर येणाऱ्या सूचना एका ठोक्याला चारच्या रुंदीने पुढे सरकवतो, भाच्याचा सहाच्या. शिवाय नवा कोर बराच पुढचा विचार करतो. पुढच्या सूचनांपैकी ज्या आताच उरकता येतील त्या तो क्रम सोडून उरकून ठेवतो. ही नजर मामांच्या कोरात २२४ सूचनांपर्यंत पोचते, भाच्याच्या कोरात ५१२ पर्यंत. सुगरण आमटीला उकळी येईपर्यंत कोशिंबीर कापून ठेवते, तिला पुढचे किती पदार्थ डोक्यात धरता येतात, त्यावर स्वयंपाक किती लवकर होतो ते ठरतं.

स्वयंपाकघराचाच दाखला कॅशलाही, म्हणजे चिपमधल्याच छोट्या, झटपट स्मृतीलाही चालतो. शेगडीजवळचा मिसळणाचा डबा म्हणजे कोराची स्वतःची कॅश, फडताळ म्हणजे सगळ्या कोरांची सामाईक कॅश आणि कोपऱ्यावरचा वाणी म्हणजे रॅम, चिपबाहेरची मोठी स्मृती. मिसळणाचा डबा मामांकडे दर कोराला २५६ किलोबाइट, भाच्याकडे १.२५ मेगाबाइट. फडताळ ४ मेगाबाइट विरुद्ध १२. वाण्याकडची फेरी महाग पडते. ३.५ गिगाहर्ट्झच्या एका ठोक्यात प्रकाशसुद्धा साडेआठ सेंटीमीटरच जातो, म्हणजे तळहाताच्या रुंदीइतका. रॅममधून माहिती येईपर्यंत असे दोनशे-तीनशे ठोके निघून जातात. डबा मोठा असला की या फेऱ्या वाचतात, आणि तीही वेगातच भर.

सगळे कोर जुंपणाऱ्या कामात भाच्याची चिप साधारण चौपट भरते. पण इथे मला आवडणारा हिशेब वेगळाच आहे. समजा, मामांच्या चिपला एखाद्या कामाला ४० मिनिटं लागली आणि भाच्याच्या चिपला १० मिनिटं. १५ वॅटने ४० मिनिटं म्हणजे १० वॅट-तास. ६० वॅटने १० मिनिटं म्हणजेही १० वॅट-तासच! चिपने खाल्लेली वीज सारखीच, फक्त भाच्याने एकदम खाल्ली. अर्थात मॉनिटर, मदरबोर्ड, पंखे धरले तर डेस्कटॉपचा खर्च वर जातो, आणि काही न करता नुसतं बसून राहण्यात लॅपटॉपचा हात कोणी धरणार नाही. लाईट गेली की वाद मामा जिंकतात, हे तर सांगायलाच नको.

मामांच्या लॅपटॉपची दुसरी अडचण प्रोसेसरची नव्हतीच. आत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क होती. तिच्या एका शोधाला १० मिलिसेकंद धरले, तरी तेवढ्यात चिपचे साडेतीन कोटी ठोके वाया. अशा वेळी चिप बदलून काय होणार? भाच्याने तिथे एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ही चिप नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून सोबत विंडोजऐवजी चालणारं लिनक्स घालून दिलं. मामांची आता एकच तक्रार आहे: पूर्वी लॅपटॉप सुरू करून चहा टाकता यायचा, तेवढा वेळ मिळत नाही.