कमरेखाली दोन गुण, कमरेवर चार

अंघोळीत कमरेखालचं अंग धुवायला दुसऱ्याची मदत लागत असेल तर २ गुण. खांद्यापासून कमरेपर्यंतचं अंग धुवायला मदत लागत असेल तर ४. टबात किंवा शॉवरखाली जाता-येताना कुणाचा तरी हात धरावा लागत असेल तर ३. ब्रिटनमध्ये अपंगांना मिळणाऱ्या ‘पिप’ म्हणजे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट या भत्त्याच्या नियमावलीत हे असं २०१३ पासून लिहिलेलं आहे. ज्यांच्या घरात भत्ता येतो त्यांना हे गुण तोंडपाठ असतात, बाकीच्यांनी ते कधी वाचलेले नसतात.

१८ मार्च २०२५ रोजी मजूर पक्षाच्या सरकारच्या वतीनं मंत्री लिझ केंडल यांनी संसदेत ग्रीन पेपर, म्हणजे चर्चेसाठीचा धोरण-प्रस्ताव, मांडला आणि हेच गुण एकदम राजकारणाच्या मध्यभागी आले. तोवरचा नियम असा होता: स्वयंपाक, जेवण, अंघोळ, कपडे, बोलणं, वाचणं अशा दहा कृतींमध्ये मिळून ८ गुण झाले की दैनंदिन गरजांचा साधा भत्ता, १२ झाले की वाढीव. प्रस्ताव असा आला की एकूण गुण कितीही असोत, निदान एका कृतीत एकरकमी ४ गुण हवेतच.

याचा अर्थ काय, ते एखाद्या संधिवाताच्या रुग्णाचा हिशेब मांडला की कळतं. ओट्याशी उभं राहवत नाही म्हणून उंच स्टूल लागतं, २ गुण. अंघोळीला भिंतीवरचा दांडा लागतो, २. संडासातही तसाच दांडा, आणखी २. पँट, मोजे चढवायला कुणीतरी लागतं, २. झाले ८. २०२५-२६ च्या दरानं आठवड्याला ७३.९० पौंड. नव्या नियमात याच माणसाला शून्य. त्याचं करणारी बायको किंवा मुलगी केअरर्स अलाउन्स घेत असेल तर तोही बंद, कारण तो भत्ता पिपच्या याच भागावर टांगलेला आहे. एका गुणफलकावर घरातल्या दोघांचे पैसे अवलंबून. सरकारच्याच अंदाजानुसार २०२९-३० पर्यंत सुमारे ८ लाख लोकांना हा भत्ता मिळणार नव्हता, आणि सगळ्या कपातींमुळे अडीच लाख माणसं गरिबीत ढकलली जाणार होती. बचत वर्षाला जवळपास ५ अब्ज पौंडांची.

यात भत्त्याच्या रकमेला हात लावलेला नव्हता, ही गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रक्कम कमी केली की आकडा सगळ्यांना दिसतो आणि ओरड होते. त्यापेक्षा अपंग कुणाला म्हणायचं याची रेघ सरकवणं सोपं. ब्रिटनमधल्या अपंगांच्या भीतीचं मूळ इथं आहे, आणि ते २०२५ पेक्षा बरंच जुनं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कल्याणकारी राज्यात युद्धात जखमी झालेल्याला निवृत्तिवेतन होतं, कारखान्यात हात गेलेल्याला भरपाई होती. जन्मतः अपंग असलेल्याला किंवा विम्याचे हप्ते न भरता घरात बसल्याबसल्या आजार जडलेल्याला मात्र उत्पन्न तपासून दिली जाणारी मदत, एवढंच. गृहिणीला तर तेही नाही. तिनं विम्याचे हप्ते भरलेले नसत, आणि नवरा कमावता असला की तिची गरज संपली असं धरलं जाई. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झालेल्या मेगन दु ब्वासाँ आणि बेरिट मूर या दोघींनी १९६५ मध्ये ‘डिसेबलमेंट इन्कम ग्रुप’ स्थापन केला तो या चिडीतून. त्यांची मागणी साधी होती: अपंगत्व कशानं आलं ते विचारू नका, त्यापायी खर्च किती होतो ते बघा.

पुढची दहा वर्षं या चळवळीला फळली. अपंगांच्या हक्कांसाठी झटणारे खासदार आल्फ मॉरिस यांचा कायदा १९७० मध्ये आला, १९७१ मध्ये देखभालीसाठीचा अटेंडन्स अलाउन्स, १९७६ मध्ये ये-जा करण्यासाठीचा मोबिलिटी अलाउन्स. त्याआधी चालता न येणाऱ्यांना सरकार फिकट निळ्या रंगाची तीनचाकी गाडी देई. तिच्यात सीट एकच. म्हणजे आई गाडी चालवू शकते, पण पोराला शेजारी बसवू शकत नाही! वाऱ्यात ती हेलकावे खाई, पेटही घेई. गाडीऐवजी पैसे मिळू लागले आणि १९७७ मध्ये ‘मोटेबिलिटी’ योजना आली, तेव्हा भत्त्याच्या बदल्यात साधी चारचौघांसारखी मोटार भाड्यानं घेता येऊ लागली. १९९२ मध्ये हे दोन्ही भत्ते एकत्र करून डिसेबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, म्हणजे डीएलए, तयार झाला. तो हुजूर पक्षाच्या सरकारनं आणला, हे आज अनेकांना आठवत नाही.

डीएलए काय आणि पिप काय, हे बेकारी भत्ते नव्हेत. नोकरी करणाऱ्यालाही ते मिळतात, पगार कितीही असो. व्हीलचेअर चार्ज करायची वीज, जास्तीचं हीटिंग, टॅक्सी, धुण्याचं वाढलेलं बिल, अशा खर्चासाठी ते आहेत. तरी ‘लोकांना कामाला लावण्यासाठी’ पिप कापायचा, हा युक्तिवाद प्रत्येक सरकार करतं. अनेकजण या भत्त्याच्या जोरावर ऑफिस गाठतात, तो काढला तर नोकरीही जाते. एवढी साधी गोष्ट मंत्र्यांना कळत नसेल असं वाटत नाही.

काम न करू शकणाऱ्यांसाठीचा भत्ता वेगळा, आणि संशयाचा खेळ आधी तिथं सुरू झाला. ऐंशीच्या दशकात खाणी आणि पोलाद कारखाने बंद पडले. दक्षिण वेल्ससारख्या भागात पन्नाशीच्या कामगारांना बेकारांच्या यादीत ठेवण्यापेक्षा आजारपणाच्या भत्त्यावर ढकलणं सरकारला सोयीचं होतं. बेकारीचा आकडा तेवढाच कमी दिसे. मग आजाऱ्यांचा आकडा फुगला, आणि तो फुगलेला आकडाच पुरावा म्हणून पुढे करण्यात आला की बघा, लोक कसे आळशी झालेत. १९९५ मध्ये कामाच्या क्षमतेची नवी चाचणी लावली गेली.

मजूर पक्ष आला की चित्र पालटेल ही आशा १९९७ च्या डिसेंबरातच मोडली. टोनी ब्लेअर सरकारच्या कपातीच्या बेताविरुद्ध अपंग आंदोलकांनी डाउनिंग स्ट्रीटच्या फाटकापाशी लाल रंग ओतला, स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं. मंत्रिमंडळातले दृष्टिहीन मंत्री डेव्हिड ब्लंकेट यांचं विरोधाचं पत्रही तेव्हा फुटलं होतं. १९९९ मध्ये साठाहून अधिक मजूर खासदारांनी स्वपक्षाविरुद्ध मत दिलं, तरी कपातीचं विधेयक मंजूर झालं. २०२५ मध्ये ‘मजूर पक्षानं असं करावं?’ म्हणून ज्यांना धक्का बसला, त्यांतल्या जुन्या जाणत्यांना तो बसला नव्हता.

२००८ मध्ये काम न करू शकणाऱ्यांसाठी एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्स हा नवा भत्ता आला, आणि त्याबरोबर वर्क केपेबिलिटी असेसमेंट ही कामाच्या क्षमतेची तपासणी. तपासणीचं कंत्राट अ‍ॅटॉस या फ्रेंच आयटी कंपनीकडे. कोटाच्या वरच्या खिशात काहीतरी ठेवायचं आहे असं समजून हात वर उचलता येतो का? एक लिटरचं दुधाचं खोकं उचलून हलवता येतं का? अशा प्रश्नांच्या उत्तरांतून गुण, आणि गुणांतून माणूस कामाला लायक की नालायक याचा निकाल. समोरचा तपासनीस संगणकात टिचक्या मारत असतो, मान वर करत नाही, ही तक्रार शेकड्यांनी झाली. याच अ‍ॅटॉसचं नाव २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिक्सच्या प्रायोजकांत होतं. तिच्या लंडनमधल्या कचेरीसमोर निदर्शनं झाली, आणि पदकं द्यायला आलेल्या अर्थमंत्री जॉर्ज ऑसबर्न यांची भरल्या स्टेडियमनं हुर्यो उडवली.

हुर्योला कारण होतं. २०१० मध्ये ऑसबर्न यांनी जाहीर केलं होतं की डीएलएच्या जागी नवी तपासणी आणून खर्च २० टक्क्यांनी कमी करायचा. आधी आकडा ठरला, तपासणी मागाहून आली. एकाही माणसाला न बघता पाचातला एक जादा आहे हे कसं कळलं, याचं उत्तर कुणी दिलं नाही. फसवणूक म्हणावी तर भत्ते देणाऱ्या सरकारी खात्याच्याच अंदाजात ती अर्धा टक्का होती. २०१३ पासून पिप सुरू झाला. चालण्याच्या कसोटीत ५० मीटरची रेघ २० मीटरवर आली. २० मीटर म्हणजे दोन बसच्या लांबीपेक्षाही कमी. एवढं कसंबसं चालू शकणाऱ्यांचा वरचा भत्ता गेला, आणि हजारोंच्या दारातली मोटेबिलिटीची गाडी परत न्यायला माणूस आला. २०१५ च्या ३० जूनला अतितीव्र अपंगांना घरात राहायला मदत करणारा इंडिपेंडंट लिव्हिंग फंड बंद झाला. त्याच्या आदल्या आठवड्यात व्हीलचेअरवरच्या आंदोलकांनी थेट लोकप्रतिनिधी सभागृहाच्या दारापर्यंत धडक मारली होती.

एवढं करून बचत झाली का? नाही. पिपवरचा खर्च डीएलएपेक्षा वाढलाच. नकार मिळालेल्यांपैकी जे न्यायाधिकरणापर्यंत गेले त्यांतले दहापैकी साधारण सातजण कित्येक वर्षं जिंकत राहिले. पण तिथवर जायला महिने लागतात आणि त्या महिन्यांत घरभाडं थांबत नाही.

मार्च २०१६ मध्ये ऑसबर्न यांनी पुन्हा रेघ सरकवली. कपडे घालताना आणि संडासात वापरायच्या साधनांचे २ गुण होते, ते १ करायचे. या वेळी खुद्द त्या खात्याचे मंत्री इयन डंकन स्मिथ यांनी राजीनामा दिला. तारीख १८ मार्च. बरोबर नऊ वर्षांनी त्याच तारखेला आलेला चार गुणांचा नियम त्याच दांड्यांवर आणि स्टुलांवर बेतलेला होता. २०१६ चा प्रस्ताव बारगळला. त्याच वर्षी नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं ब्रिटनमध्ये अपंगांच्या हक्कांचं गंभीर किंवा पद्धतशीर उल्लंघन झाल्याचा अहवाल दिला. सरकारनं तो फेटाळला. २०१७ मध्ये मानसिक त्रासामुळे एकट्यानं बाहेर पडू न शकणाऱ्यांना पिपमधल्या प्रवासभत्त्यातून वगळणारा नियम आला. पंतप्रधानांचे एक धोरण सल्लागार तेव्हा म्हणाले की पैसे खरोखरच्या अपंगांना जावेत, घरी गोळ्या खाणाऱ्यांना नव्हे. नंतर त्यांनी माफी मागितली, आणि उच्च न्यायालयानं तो नियम उघड भेदभाव करणारा ठरवला. सोळा लाख प्रकरणं पुन्हा तपासावी लागली.

हे सगळं ज्यांच्या अंगावरून गेलं त्यांच्यासाठी खात्याचं खाकी पाकीट हीच धास्ती झाली आहे. पाकीट पडलं की काहीजण ते दिवसचे दिवस फोडत नाहीत. फेरतपासणी दर काही वर्षांनी येते. पाय कापलेला असो की जन्मजात व्याधी असो, फॉर्म पुन्हा भरायचा, आपला सर्वात वाईट दिवस पुन्हा शब्दांत मांडायचा. आपल्याकडे अपंगत्वाच्या दाखल्यावर टक्के असतात, ४० किंवा त्याहून जास्त असले की सवलती लागू. ते ४० गाठण्यासाठी सरकारी रुग्णालयातल्या रांगा ज्यांनी अनुभवल्यात त्यांना ही धास्ती परकी वाटणार नाही. आपल्याकडे झगडा दाखला मिळेपर्यंतचा. तिथं एकदा मिळालेलंही पक्कं नाही.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. कोविडनंतर पिप घेणारे भराभर वाढले, २०२५ पर्यंत इंग्लंड-वेल्समध्ये ते ३७ लाखांच्या आसपास गेले. (स्कॉटलंडनं २०२२ पासून स्वतःचा वेगळा भत्ता सुरू केला आहे.) तरुणांमध्ये मानसिक आजारांचं प्रमाण मोठं. निवृत्तीचं वय वाढल्यानं साठीतले आजारी लोकही याच यादीत अडकले. दरवर्षी लेस्टर शहराएवढी भर पडते, असं मंत्री सांगत. पण लेस्टरएवढी माणसं आजारी का पडतात हा प्रश्न आरोग्यसेवेला आणि तिथल्या उपचारांच्या लांबलचक प्रतीक्षायाद्यांना विचारायचा असतो. चार गुणांच्या अटीनं कुणाचा संधिवात बरा होत नाही.

जून २०२५ मध्ये सव्वाशेच्या आसपास मजूर खासदार विधेयकाविरुद्ध उभे राहिले. आधी सरकारनं आत्ताच्या लाभार्थ्यांना अभय दिलं. मग १ जुलैला चर्चा चालू असतानाच राज्यमंत्री स्टीफन टिम्स यांनी उठून पिपचं कलमच मागे घेतल्याचं सांगितलं. आपण नक्की कशावर मत देतोय, हे विचारायची पाळी खासदारांवर आली. उरलंसुरलं विधेयक ३३५ विरुद्ध २६० मतांनी पुढे सरकलं.

उरलंसुरलं म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट या बेकार आणि कमी उत्पन्नवाल्यांच्या भत्त्यातला आजारपणाचा भाग. पिपचा प्रश्न टिम्स यांच्याच अध्यक्षतेखालच्या फेरआढाव्याकडे गेला. आढावा अपंगांना सोबत घेऊन करायचा आणि अहवाल २०२६ च्या शरदापर्यंत द्यायचा असं ठरलं. त्यामुळे रेघ कुठं पडणार ते अधांतरीच राहिलं. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये मात्र कायद्यानं पक्कं झालं की आधीपासूनच्या लोकांचे आठवड्याचे साधारण ९७ पौंड चालू राहतील, आणि एप्रिल २०२६ नंतर नव्यानं येणाऱ्यांना जेमतेम ५० मिळतील. मरणासन्न रुग्ण आणि कायमच्या अतितीव्र व्याधी तेवढ्या वगळल्या. तोच आजार मार्चमध्ये मंजूर झालेल्याला ९७, मेमध्ये अर्ज करणाऱ्याला ५०.