जोखीम संवादातील मानसिक प्रारूप पद्धत

एखाद्या धोक्याबद्दल लोकांच्या मनात आधीपासून कोणती समजूत आहे, म्हणजे तो कुठून येतो, कसा वाढतो, कशाने टळतो असे त्यांना वाटते, हे शोधून मगच संदेश रचण्याची पद्धत. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात बरूक फिशहॉफ, ग्रेंजर मॉर्गन, ॲन बॉस्ट्रम आणि सिंथिया ॲटमन यांनी ती घडवली. त्यांचा या विषयावरील ग्रंथ २००२ मध्ये प्रसिद्ध झाला.

माणूस बाहेरच्या जगाची छोटी प्रतिकृती मनात बाळगतो आणि तिच्यावरून पुढे काय घडेल याचा अंदाज बांधतो, असे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक यांनी १९४३ मध्ये मांडले. ही प्रतिकृती म्हणजेच मानसिक प्रारूप. वाचकाचे मन ही कोरी पाटी नसते. मिळालेली माहिती तो जुन्या समजुतीत बसवतो, त्यामुळे पत्रकातले प्रत्येक वाक्य बरोबर असूनही निष्कर्ष चुकू शकतो. संदेश फसला की लोकांच्या अडाणीपणाला दोष देण्याची सवय सरकारी खात्यांना आणि तज्ज्ञांनाही असते. या पद्धतीचे मोल हे की ती आधी पत्रकच तपासायला लावते.

रेडॉन वायूचे उदाहरण या क्षेत्रात पायाभूत मानले जाते. १९८४ च्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातील बांधकाम चालू असलेल्या अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्यामुळे किरणोत्साराचा इशारा वाजू लागला. केंद्रात तेव्हा वीजनिर्मिती सुरू झालेली नव्हती. किरणोत्सार तो स्वतःच्या घरातून, तिथे साठलेल्या रेडॉनमुळे, घेऊन येत होता. जमिनीतील युरेनियमच्या क्षयातून तयार होणारा हा रंगहीन, गंधहीन वायू पायाच्या भेगांतून घरात शिरतो, साठतो आणि फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण ठरतो. १९८६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नागरिकांसाठी रेडॉनविषयी पुस्तिका काढली.

कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी लोकांना मोकळेपणी बोलते केले, तेव्हा निराळीच अडचण पुढे आली. किरणोत्सार म्हटला की अणुकचरा आठवतो, आणि अणुकचरा हजारो वर्षे टिकतो. म्हणून रेडॉन एकदा घरात शिरला की भिंतींत कायमचा मुरतो, असे अनेकांना वाटत होते. वास्तविक रेडॉनचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा वायू क्षय पावायला लागणारा काळ, सुमारे ३.८ दिवसांचा आहे. नवा वायू आत येणे थांबले, तर महिन्याभरात आधीच्या वायूपैकी शेकडा एक भागही उरत नाही. फरशीखाली नळी घालून पंख्याने वायू बाहेर काढला की घर राहण्याजोगे होते. पण घर कायमचे बाधित झाले असे मानणारा माणूस चाचणीच कशाला करील? त्याच्या हिशेबी चाचणीतून हाती येणार ते फक्त दुःख. पुढे संशोधकांनी स्वतःची पत्रके तयार करून ती पर्यावरण संस्थेच्या पुस्तिकेशी तुलना करत वाचकांवर पडताळली. नुसत्या आठवणीच्या प्रश्नांत फारसा फरक पडला नाही. मात्र माहितीवरून स्वतः निष्कर्ष काढण्याच्या प्रश्नांत या पत्रकांचे वाचक सरस ठरले.

पद्धतीत प्रथम तज्ज्ञांच्या ज्ञानाचा कार्यकारण नकाशा, म्हणजे कशामुळे काय घडते याचा आराखडा, काढला जातो. मग थोड्या लोकांच्या सविस्तर मुलाखती होतात. ‘रेडॉनबद्दल सांगा’ एवढ्याच प्रश्नाने सुरुवात करायची आणि आपला शब्द समोरच्याच्या तोंडी घालायचा नाही, हा त्यातला कठीण भाग. त्यांतून निघालेल्या समजुती किती पसरलेल्या आहेत हे मोठ्या गटाला प्रश्नावली देऊन पाहतात. शेवटी मसुदा लिहून तो वाचकांकडून तपासून घेतात. तज्ज्ञांना माहीत असलेले सगळे सांगायचे नसते. निर्णय बदलू शकेल तेवढेच निवडायचे असते. मात्र संस्थेवर विश्वासच नसेल किंवा उपाय खिशाला परवडत नसेल, तर नेमके पत्रकही पुरे पडत नाही.

चित्रांचेही असेच होते. अटलांटिक चक्रीवादळाच्या नकाशातील शंकू वादळाचे केंद्र कुठून जाऊ शकते ते दाखवतो, पण अनेकांना ते वादळाचे आकारमान वाटते. २००४ मध्ये ‘चार्ली’ चक्रीवादळाच्या वेळी कित्येकांची नजर फ्लोरिडातील टॅम्पा शहराकडे जाणाऱ्या मधल्या रेषेवरच खिळली होती, वादळ दक्षिणेला पुंटा गोर्डाजवळ धडकले, आणि ती जागा शंकूच्या आतच होती.

महाराष्ट्रात ही दृष्टी सर्पदंशाच्या प्रबोधनाला थेट लागू पडते. साप चावला म्हणजे ठणका, सूज आणि दातांच्या खुणा, असे चित्र बहुतेकांच्या मनात असते, आणि घोणशीच्या दंशाला ते बरेचसे लागूही पडते. मण्यार मात्र बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना, सूज जवळजवळ नसते आणि खूणही अनेकदा सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, गिळणे जड जाते. घरच्यांना ते अपचन किंवा थकवा वाटतो आणि श्वासाचे स्नायू लुळे पडेपर्यंतचा मोलाचा वेळ हातचा जातो. ‘साप चावल्यास ताबडतोब रुग्णालयात जा’ हा फलक अशा घरी निरुपयोगी आहे, कारण साप चावला असे तिथे कुणाच्या मनातच आलेले नसते. तिथे फलकावर पापण्या आणि पोटाची कळ लिहायला हवी.